तीन रकाने

डब्याचं झाकण 'टक्' करून उघडलं. दुपारची वेळ. माझी लेक भिंगरी नुकतीच झोपली होती. पंख्याच्या कुरकुरीने ती उठते म्हणून पंखासुद्धा बंद होता. त्या शांततेत तो एवढासा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला आणि मी हात पुसत बाहेर आले. सासरे पलंगाच्या कडेला बसले होते, मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात मी कधी बिस्किटं पाहिली नाहीत. त्यात घराचे कागद असतात.

"झोपली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आत्ताच. काही हवंय का बाबा?"

"काही नको. मोजतोय."

"काय मोजताय?"

"माझ्यानंतर तुम्हा दोघींचं काय उरतं ते."

खाली दुकान, वर दोन खोल्या, एवढंच आमचं जग. दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग. माझा नवरा गेला तेव्हा भिंगरी अकरा महिन्यांची होती. तेरा दिवसांचाच ताप, आणि संपलं. पुढच्या महिन्यात मी तिला पाळण्यात घालून पाळणा झेरॉक्सच्या मशीनशेजारी टांगला आणि गल्ल्यावर बसले. त्या मशीनच्या घरघरीवरच ती झोपायला शिकली. एका जागी कधी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले तेही बाबाच.

नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, दूरच्या शहरात असतात. त्यांचं तिथे बस्तान आहे, दोन घरं आहेत. त्यातल्या एकासाठी बाबांनी आपली जमवलेली सगळी पुंजी दिली होती. "थोरल्याला त्याचं मिळालंय," बाबा नेहमी म्हणत. पण नेहमी म्हटलेलं कायद्याला ऐकू जात नाही. काही लिहून न ठेवता बाबा गेले असते तर दुकान आणि खोल्या अर्ध्या भाऊजींच्या, अर्ध्या आम्हा दोघींच्या. आणि त्या अर्ध्यात आम्हाला कुठे जिन्याखालची जागासुद्धा मिळाली नसती.

म्हणून आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांची खोली औषधांच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना बाबा दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा भिंतीवरच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग केलं.

"काका, वाटा तीन आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "चौथी म्हणजे काहीच न करणं. ती फुकट आहे, आणि सगळ्यात महाग पडते."

मी पर्समधून एक वाया गेलेली झेरॉक्स काढली, कुणाची तरी तिरकी छापलेली गुणपत्रिका. तिच्या कोऱ्या पाठीवर तीन रकाने आखले.

"पहिली वाट मृत्युपत्र. माझी फी आठ हजार. तुम्ही शुद्धीवर आहात असा डॉक्टरचा दाखला, दीड हजार. नोंदणी केलीत तर अकराशे. दोन साक्षीदार लागतील, ते चहावर मिळतात. झालं दहा हजार सहाशे. पण तुमच्यानंतर ते कोर्टात सिद्ध करावं लागेल. कोर्टाची फी, वर्तमानपत्रात नोटीस, वकील, मिळून सव्वा लाख धरा. वेळ दीड वर्ष."

"तो सव्वा लाख कुणी भरायचा?"

"यांनी." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"वा. मरणार मी आणि बिल हिला," बाबा म्हणाले. "पुढचं सांगा."

"दुसरी वाट ट्रस्ट. घर ट्रस्टच्या नावावर करायचं. एक विश्वस्त नेमायचा, तो नातीसाठी घर सांभाळेल, ती एकवीस वर्षांची झाली की तिच्या हवाली करेल. कागद करायचे चाळीस हजार. जागा चाळीस लाखांची धरली तर स्टॅम्प ड्यूटी पाच टक्के, दोन लाख. शिवाय दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे, ते बारा हजार."

"आता पाचची आहे ती," मी म्हणाले. "म्हणजे सोळा वर्षं."

"एक लाख ब्याण्णव," बाबांनी माझ्याआधी गुणाकार केला. "सगळे मिळून चार लाख बत्तीस हजार. बाई, ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला."

"कोर्ट मात्र नाही त्यात. आणि आणखी एक. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलायला लागतं. माणूस जिवंत आहे पण त्याला समजत नाही, बोलता येत नाही, अशा वेळी ते मुकं असतं. ट्रस्ट तेव्हाही चालतो."

"जिवंत आहे पण बोलता येत नाही," बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "अहो, ती अवस्था मी चौतीस वर्षं संसार करून भोगली आहे. त्यासाठी दोन लाख कशाला?"

वकीलबाई हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

"तिसरी वाट बक्षीसपत्र," त्या म्हणाल्या. "घर आजच नातीला देऊन टाका. घरातल्या घरात स्टॅम्प ड्यूटी एकच टक्का, चाळीस हजार. माझी फी दहा. पुढे कोर्ट नाही, वर्षाचे हिशेब नाहीत. नोंदणी झाली की घर तिचं. परत मात्र घेता येत नाही."

बाबांनी मान हलवली. "जेवायचं ताट द्यावं, बाई, बसायचा पाट देऊ नये."

"नात आहे तुमची."

"नात पाच वर्षांची आहे. तिच्या वतीने सगळीकडे सही करणार तिची आई. आईचं वय अठ्ठावीस. उद्या हिने दुसरं घर मांडलं, आणि मांडावंच, मी म्हणतो, तर मी त्या घरात कोण? पाहुणा. नको. माझा जीव आहे तोवर घर माझ्या नावावर राहील. नंतर सगळं तिचं."

हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, माझ्याकडे न बघता. लागलं नाही असं म्हणणार नाही. पण त्यात खोट काढावी असंही काही नव्हतं. मी तिसऱ्या रकान्यावर फुली मारली.

घरी आल्यावर दोन रकाने उरले. बाबांची एकच मुदत ठेव होती, तीन लाख दहा हजारांची. ट्रस्टसाठी त्यातले दोन लाख चाळीस हजार पहिल्याच दिवशी गेले असते. मी त्या पैशांकडे भिंगरीच्या शाळेची पाच वर्षं म्हणून बघत होते.

"तू सांग," बाबा म्हणाले. "हिशेब तुझा पक्का."

"मृत्युपत्रच करू," मी म्हणाले, आणि ट्रस्टच्या रकान्यावर आडवी रेघ ओढली. ती रेघ माझीच.

आठ दिवसांत मृत्युपत्र तयार झालं. दोन पानं. प्रत्येक पानाखाली बाबांनी निळ्या शाईच्या पेनाने सावकाश सही केली, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढून. साक्षीला वकीलबाईंच्या खालचे औषधवाले आणि आमच्या दुकानासमोर बसणारा किल्लीवाला. दोघांनी चहा पिऊन सह्या ठोकल्या. "साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही बघायची असते," असं वकीलबाईंनीच सांगितलं होतं, आणि त्या दोघांनी ते फार मनावर घेतलं. "आता नोंदणी करून घ्या," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तोवर नीट जपून ठेवा. पाणी, वाळवी, उंदीर."

नोंदणीच्या कचेरीत सकाळी सातला नंबर लावायला लागतो, आणि बाबांच्या गुडघ्यांनी त्या आठवड्यात संप केला होता. "पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले.

आणि जपायचं म्हणजे काय करायचं, हे बाबांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी आयुष्यात दुसरं काय केलं होतं? आमच्या घरातलं विजेचं बिल लॅमिनेट केलेलं असतं. औषधांच्या वेळांचा तक्ता, भिंगरीने काढलेला पहिला हत्ती, तोही. "जगात दोनच गोष्टी टिकतात," ते गिऱ्हाइकांना सांगत, "लॅमिनेशन आणि भावाभावांतला राग." त्या दिवशी दुकान बंद करण्याआधी त्यांनी मशीन गरम केलं. "जाड पाऊच दे. अडीचशे मायक्रॉन." पाऊच मीच दिलं. आत धूळ जाऊ नये म्हणून पदराने पुसूनही दिलं. पानं एकेक करून मशीनमधून बाहेर आली, चकचकीत, ताठ. भिंगरीने त्यातलं ऊन ऊन पान गालाला लावलं आणि डोळे मिटले. तिला ते फार आवडतं. बाबांनी पानं डब्यात ठेवली.

तो पुढचा आठवडा कधी आला नाही. म्हणजे आठवडे आले. परीक्षांचे अर्ज आले, शाळांची ओळखपत्रं आली, हंगाम होता. चार महिन्यांनी एका सकाळी अशीच ओळखपत्रं कापता कापता बाबांच्या हातातून कात्री पडली, आणि ती उचलायला ते वाकले ते वाकलेच.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एक शब्द राहिला, 'हो.' डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. पाणी हवं? हो. नको? हो. दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो. तोंडावर तोच जुना समजूतदार भाव, त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटायचं, कळतंय त्यांना सगळं. मग एकदा मी विचारलं, "बाबा, मी कोण?" आणि ते म्हणाले, "हो."

भिंगरीने त्याचा खेळ केला. शाळेतून आली की पलंगाशी उभी राहायची. "आजोबा, मी राणी ना?" "हो." "आणि आई माझी दासी?" "हो." ती हसून लोळायची. एकदा तिने विचारलं, "आजोबा, भिंगरी वाईट आहे?" ते "हो" म्हणाले आणि ती रडत माझ्याकडे आली. मी तिला समजावलं की आजोबांच्या तोंडातून तेवढंच निघतं, त्यांच्या मनात तसं नसतं.

"मग मनात काय असतं?"

"चांगलं असतं," मी सांगितलं.

मुदत ठेव दवाखान्याने खाल्ली. वाचवलेल्या दोन लाख चाळीस हजारांचं काय झालं म्हणाल, तर ते अतिदक्षता विभागात अकरा दिवसांत गेले. उरले पासष्ट हजार.

भाऊजी आले होते. त्यांना वाईट म्हणणं सोपं आहे, पण मी डोळ्यांनी पाहिलंय, ते आठ दिवस दवाखान्यात बाबांच्या पायांना तेल लावत बसायचे. बाबांना घरी आणल्यावर ते एकदा जिन्यात उभे राहून माझ्याशी बोलले.

"हे बघ, तू एकटी किती दिवस उचलणार त्यांना? पाठ मोडेल तुझी. मी चांगलं केंद्र बघितलंय, चोवीस तास नर्स असते."

"किती घेतात?"

"महिन्याला पंचेचाळीस. म्हणून तर म्हणतोय. कोर्टात अर्ज करतो, बाबांचा कारभार माझ्याकडे येऊ दे. ही जागा विकू. पैसे त्यांच्याच नावे राहतील, त्यातून त्यांचं होईल. मागे उरेल त्यातलं अर्धं तुम्हा दोघींचं. मी तुमचा एक पैसा खाणार नाही."

"आणि तोवर आम्ही दोघी?"

त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "तुझ्या माहेरी कोणी..."

"माहेरी कोणी नाही, भाऊजी. तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा मी त्यांना मृत्युपत्राचं सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बाबांनी असं लिहिलंय? बरं. दाखव. त्यांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. जागा विकायची नाही म्हणाले असतील तर नाही विकणार. बघू काय करायचं ते."

मी पळत जाऊन डबा आणला. भाऊजींनी ती दोन पानं हातात घेतली, उजेडाकडे धरली, तिरकी केली. प्लास्टिकवर खिडकी चमकली. त्यांनी सहीवरून नख फिरवलं.

"ही झेरॉक्स आहे."

"नाही. मूळ कागद आहे आत."

"आत काय आहे ते कळतंय कुठे? तुमच्याकडे कलर झेरॉक्स आहे. बाबांची सही दुकानातल्या शंभर कागदांवर आहे." मग एकदम खाली बघत, "तू असं करशील असं मी म्हणत नाही."

"म्हणताय."

"मूळ कागद दाखव. शाई दाखव. मी मानतो."

मी औषधवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, सही माझी खरी, पण कशावर केली ते मी वाचलं नव्हतं. किल्लीवाला तोवर गावी निघून गेला होता, कायमचा. वकीलबाई कोर्टात होत्या, फोन लागेना, आणि भाऊजींच्या गाडीला तीन तास होते.

आता जे मी केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं की आपल्याला जमेल. आमच्याच दुकानात पाटी आहे, 'एकदा केलेलं लॅमिनेशन काढून मिळणार नाही.' ती मीच टाइप केलेली. तरी मी खाली गेले. पातळ फडका घातला, इस्त्री अगदी मंद ठेवली, गोंद मऊ होईपर्यंत फिरवली, आणि कटरचं पातं कोपऱ्यातून आत सरकवलं. पहिली बोटभर जागा सुटली. समास होता तो, कोरा. मला वाटलं, जमलं. मग प्लास्टिक हळूहळू वर ओढत गेले, श्वास रोखून, भिंगरीच्या जखमेवरची पट्टी काढते तसं. सहीपाशी आले. कागदाचा वरचा पापुद्रा प्लास्टिकला चिकटून उठला. त्याच्याबरोबर सहीही उठली. खाली पांढरा, लव आल्यासारखा कागद राहिला आणि बाबांची सही माझ्या हातातल्या प्लास्टिकवर उलटी दिसत होती. लांब शेपूट डावीकडे.

भाऊजी दारात उभे होते. "राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी मी अर्ज करतो. राग मानू नकोस."

वकीलबाईंनी ते पान हातात घेतलं आणि चष्मा काढला. "मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण मृत्युपत्राला लॅमिनेशन कोण करतं हो?"

"आम्ही."

"तसंही हे काकांच्या मागेच उपयोगाचं होतं. तोवर जागा विकून झाली तर कागद धड असून तरी काय?"

"ट्रस्ट?"

"तेव्हा होता मार्ग. आता काकांना समजून सही करता आली पाहिजे."

"बक्षीसपत्र?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना समजतंय असं मी लिहून देणार नाही, ताई. मला विचारूही नका." मी निघाले तेव्हा त्यांनी फी घेतली नाही. त्याने मला जास्त भीती वाटली.

नोंदणीच्या कचेरीबाहेर छत्री लावून बसणारा एजंट आमचं जुनं गिऱ्हाईक. गुरुवारी तो झेरॉक्सला आला, बाबांची चौकशी केली, आणि पानं मोजता मोजता मी सगळं बोलून गेले. कुणाशी तरी बोलायचं होतं.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे नोंदणीचे साहेब घरी येतात," तो म्हणाला. "नियमच आहे तसा. बक्षीसपत्र करून टाका. स्टॅम्प ड्यूटी चाळीस, कागदाचे पाच, घरी येण्याचे वरचे पंधरा. साठ हजार."

"डॉक्टरचा दाखला लागेल."

"तो त्या पंधरात आला."

"पण बाबांना बोलता येत नाही."

"काहीच नाही?"

"फक्त 'हो' म्हणतात."

तो पानं मोजायचा थांबला. मग दोन बोटांनी गठ्ठा सरळ केला. "मग अडलंय कुठे? साहेब एकच प्रश्न विचारतात, ताई."

शुक्रवारी दुपारी चारची वेळ ठरली. त्या दिवशी मी बाबांना आंघोळ घातली, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. जेवण भरवलं. भिंगरी शाळेतून आली, तिलाही भरवलं. मग मी खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. मनात होतं, निदान एकदा सगळं नीट सांगावं. त्यांना मी सांगितलं, भाऊजी काय म्हणतात ते, कागदाचं काय झालं ते. "मी फाडला, बाबा. मुद्दाम नाही." वकीलबाईंकडे ते काय म्हणाले होते, ताट आणि पाट, तेही सांगितलं. "तुम्ही आहात तोवर तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही. मी दुसरं घर मांडणार नाही असं नाही म्हणत, पण तुम्हाला सोडून नाही मांडणार. भिंगरीच्या नावावर करू का हे?"

"हो," बाबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग, का विचारलं कोण जाणे, पण मी विचारलं, "नको करू?"

"हो."

त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा झटका आल्यापासून असाच गळतो. मी पुसला, आणि पुढे काही विचारलं नाही.

साहेब सव्वाचारला आले. घामाघूम, सभ्य माणूस. जिन्यात चपला काढल्या. एजंटने कागद पलंगावर मांडले, मी अज्ञान मुलीची आई म्हणून पाच ठिकाणी सह्या केल्या. एजंटबरोबरची दोन माणसं साक्षीला होती, ती खिडकीतून खाली बघत उभी राहिली. भिंगरी पलंगाच्या पायथ्याशी, दांडीला धरून. तिला मी बाजूच्या खोलीत बस म्हटलं होतं, पण ती भिंगरीच.

"आजोबा," साहेब मोठ्याने म्हणाले, बहिऱ्याशी बोलावं तसं, "ही जागा तुम्ही नातीला स्वखुशीने देताय? कुणाची जबरदस्ती नाही?"

"हो," बाबा म्हणाले.

"छान." साहेबांनी खूण केली. "अंगठा घ्या. डावा."

डावा हात बाबांचा चांगला. चमचा धरतो, पांघरूण ओढतो. मी तो हातात घेतला तेव्हा त्यांनी मूठ मिटली. नखं कापतानाही मिटतात ते, कधी कधी. मी एकेक बोट उघडलं, करंगळीपासून, बाळाची उघडतात तशी. अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला, मग कागदावर. एकदा, दोनदा, प्रत्येक पानावर. सहा ठसे. स्वच्छ उमटले, रेषा न् रेषा. साहेबांनी बाबांचा फोटो काढला, कागद पिशवीत घातले आणि म्हणाले, "अभिनंदन, काम झालं." एजंटने जिन्यात पाकीट मोजलं. पावलं खाली गेली, दुकानाचं शटर ओलांडून रस्त्यावर.

झालं होतं. आता सोमवारी कुणी कसलाही अर्ज केला तरी ही जागा बाबांची राहिली नव्हती, त्यामुळे विकताही येणार नव्हती. साठ हजारांत. तिन्ही रकान्यांत एवढ्या पैशांत पूर्ण झालेलं दुसरं काही नव्हतं. मी वाटीत थोडं खोबरेल घेतलं, कापसाचा बोळा केला आणि बाबांच्या अंगठ्याची शाई पुसायला बसले. ती नखाच्या कडेला जाऊन बसली होती, निघत नव्हती. बाबा छताकडे बघत होते. भिंगरी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना नाही म्हणायचं असलं, तर ते कसं म्हणतात?"